स्टेपनीखालचं मीठ

विकणाऱ्याने बॉनेट उघडायला हात घातला, तर मामा म्हणाला, "ते राहू द्या. आधी डिकी उघडा."

सातपाटीत जुनी गाडी मागून बघायला सुरुवात करतात, हे मला त्या दिवशी कळलं. मामाने डिकीतला गालिचा उचलला, पुठ्ठा काढला, स्टेपनी सोडवून बाहेर ठेवली आणि त्या गोल खळग्यात बोट फिरवलं. बोटाला तांबूस चिखल लागला. तो त्याने नाकाशी नेला. "सरंगा," म्हणाला. विकणारा हसला, पण तेवढ्यापुरतंच. मामाने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून खळग्याच्या काठावर जरा दाबला, तर टोक बिस्किटात जावं तसं आत गेलं.

बाहेरून पांढरी, चकचकीत, पोपटाने चोचही मारली नसेल अशी गाडी. पण तिने कधीतरी मासळी वाहिली होती. बर्फ वितळतो, खारं पाणी पेटीतून झिरपतं, गालिच्याखालून उतरत जाऊन स्टेपनीच्या खळग्यात साचतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाणी आटलं तरी पत्रा पुरता सुकत नाही. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत खालचा पत्रा संपलेला असतो.

आमच्याकडे अडीच लाख होते. त्यातले तीस हजार मामाने पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावले: टायर, बॅटरी, ब्रेक, विमा. "होडी घेताना जाळ्याचे पैसे वेगळे ठेवतोस ना? तसंच." मी आयुष्यात होडी घेतलेली नाही, पण मुद्दा पटला. आईला पालघरला दवाखान्यात न्यायचं तर रात्री रिक्षा मिळत नाही. नवी गाडी परवडणार नव्हती.

मामा तीस वर्षं मासेमारी बोटीवर तांडेल होता. आता गुडघ्यांमुळे घरी. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. त्याला वेळच वेळ होता. जुनी बोट तो फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत बघतो. सडलेलं लाकूड वेगळं बोलतं. गाडीच्या दारांवर, चाकांच्या कमानींवर तो तसाच वाजवत फिरला. पत्रा ठणकतो, पुट्टी थप्प करते. मी घरच्या फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून नेलं होतं. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. पण मामाचं पेर चुंबकाच्या आधी सांगायचं.

दुसरी गाडी वसईकडची. खालून ताजा काळा लेप मारलेला. मला वाटलं, मालकाने काळजी घेतलीय. मामा खाली वाकलासुद्धा नाही. "विकायच्या आधी बोटीला डांबर कोण मारतं?" सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ होती. २०१८च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली होतं. ती रेघ तेव्हाची की नंतरची, हे विचारायला आम्ही थांबलो नाही.

तिसरी वलसाडच्या पासिंगची, जीजे-१५. किंमत मोहात पाडणारी. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी, वर महाराष्ट्राचा कर. हिशेब मांडला, मोह गेला.

चौथी बोईसरला मिळाली. समुद्रापासून आत, छपराखाली उभी असायची. मालक एकच, बदली झालेला. २०१४ची वॅगनआर, पेट्रोल, मीटरवर अठ्ठावन्न हजार. वर्षाला जेमतेम सहा हजार, म्हणून मीच आधी संशय घेतला. पण पेडलांच्या रबरावर अजून रेघा होत्या, स्टिअरिंग गुळगुळीत झालं नव्हतं, आणि सर्व्हिसच्या बिलांवरचे किलोमीटर टप्प्याटप्प्याने चढत गेलेले दिसत होते. मीटर मागे घेता येतो. दहा वर्षांची बिलं खोटी करायची मेहनत सहसा कुणी घेत नाही. टायरवर मात्र २३१७ छापलेलं: २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, रबर कडक. म्हणजे चारही बदलायचे, चौदा-पंधरा हजार.

आम्ही सकाळी न सांगता लवकर गेलो होतो. मामाने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. आधीच चालू करून ठेवलेली गाडी गार इंजिनाची दुखणी लपवते. तेलाचं झाकण उलटं करून पाहिलं, त्याखाली चहावरच्या सायीसारखं काही नव्हतं. चावी फिरवली. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. इंजिन जरा थरथरत होतं, माझा चेहरा पडला. "तीन सिलिंडरचं आहे, एवढं हलणारच," मामा डोळे मिटून म्हणाला. डिझेलच्या आवाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला पेट्रोलचं इंजिन म्हणजे कुजबुज.

मग पालघरवरून मनोरच्या रस्त्याला, वाघोबा खिंडीत. चढावर मामाने गिअर वरचा टाकून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच राहते. गाडी निमूट चढली. वर थांबून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, पाण्याचा काटा जागचा हलला नाही. उतरताना मात्र डावीकडून खडखड आली. लोअर आर्मचे बुश. मामाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं: घासाघीस करायला काहीतरी मिळालं. मागणी दोन लाख चाळीसची होती, दोन लाख बारा हजारांवर तुटलं.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण फसायची खरी जागा तीच. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नव्हता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत आम्ही इसारापलीकडे पैसा दिला नाही. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, थकलेली ई-चलानं मालकाकडून भरून घेतली, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. आरसीची मुदत २०२९पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी आणि हरित कर.

गाडी सातपाटीला आली आणि प्रश्न उभा राहिला, ठेवायची कुठे. घर बंधाऱ्याच्या बाजूला. पावसाळ्यात उधाणाला लाटेचे तुषार ओट्यावर येतात. मामाने तिला गावाच्या आतल्या अंगाला, एका नातेवाइकाच्या वाडीत लावायला लावलं. रोज चालत जायचं. शिवाय पंधरवड्याला खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, बोटीचं इंजिन धुतात तसा.

मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यातच वहिनी मासळीची पाटी घेऊन गाडीशी उभी राहिली. पालघरचा बाजार गाठायचा होता आणि बस सुटली होती. मी मामाकडे बघितलं. तो काही बोलला नाही. घरात गेला, पाणी न गळणारा मोठा प्लास्टिकचा टब आणला, डिकीत बसतो का ते पाहिलं, आणि पाटी त्यात ठेवली.