पंडितांचा वाटा किती?

सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर उभं राहिलं की नागपुरातही आता युरोपातल्या फुटबॉलचे वाद कानावर पडतात. प्रशिक्षक गार्डिओला खरोखर थोर, की त्याला कायम भरल्या तिजोरीचेच संघ मिळाले? रानिएरीनं २०१६ मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं आणि नऊ महिन्यांत त्याच क्लबनं त्याला घरी पाठवलं. मग तो थोर कधी होता? सायमन कूपर आणि स्टीफन झिमान्स्की या लेखकांनी यावर आकडेमोड केली आहे. क्लब खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करतो हे कळलं की दीर्घ पल्ल्यात त्याचा क्रमांक बराचसा सांगता येतो, हा तिचा निष्कर्ष. त्या हिशेबापलीकडे सातत्यानं जाणारे व्यवस्थापक थोडेच. डर्बी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या बेताच्या क्लबांना अजिंक्य करणारा ब्रायन क्लफ त्यातला. पण हाच क्लफ लीड्समध्ये ४४ दिवसच टिकला होता.

हा वाद घालायला इतक्या लांब जायची गरज नाही. आपल्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर याहून चांगला नमुना आहे, फक्त खेळ वेगळा. रणजी करंडकात क्रिकेट मंडळाचं सामना-मानधन सर्व राज्यांना सारखं आणि बाहेरचे व्यावसायिक खेळाडू फार तर तीन. पैशाचं पारडं इथं फुटबॉलइतकं झुकत नाही, त्यामुळे प्रशिक्षकाचं वजन करायला हा तराजू जास्त प्रामाणिक.

विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. पुढची साठ वर्षं करंडक तर सोडाच, अंतिम सामनाही नाही. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित आले. पाच कसोटींचा हा यष्टिरक्षक रमाकांत आचरेकरांच्या तालमीतला, मुंबईच्या खडूस क्रिकेटचा अस्सल माल. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली होती. पण जानेवारी २०१७ मध्ये मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि त्यांना निरोप मिळाला. लेस्टरला लाजवील अशी तत्परता!

विदर्भातल्या त्यांच्या पहिल्याच हंगामातला कोलकात्याचा उपांत्य सामना मला अंतिम सामन्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कर्नाटकासमोर पहिल्या डावात विदर्भ १८५ वर बाद, ११६ धावांनी मागे. जुना विदर्भ इथंच संपला असता. या विदर्भानं दुसऱ्या डावात ३१३ केल्या, कर्नाटकाला १९८ चं लक्ष्य दिलं आणि शेवटच्या सकाळी पाच धावांनी सामना काढला. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियंत्यानं त्या डावात सात बळी घेतले, मग इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक केली. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या हाती करंडक होता. पुढच्या वर्षी जामठ्यातच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा तोच. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेनं त्या सामन्यात ११ बळी घेतले; चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करता आली.

आता उलट बाजूचा वकील उभा राहतो, आणि त्याचे मुद्दे कच्चे नाहीत. पंडित येण्याआधी, २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये, विदर्भ लागोपाठ दोनदा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. वसीम जाफर आधीच संघात आला होता आणि २०१८-१९ मध्ये चाळिशीत त्यानं हजारावर धावा केल्या. विदर्भ क्रिकेट संघटनेची निवासी अकादमी काही वर्षं नांगरणी करत होती. पहिलं रणजी जिंकलं त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडकही मारला. अंतिम सामन्यात अथर्व तायडेच्या ३२० धावा. ती मुलं काही पंडितांच्या हाताखाली नव्हती. शिवाय २०१९-२० मध्ये, पंडित प्रशिक्षक असतानाच, विदर्भ बाद फेरीतही गेला नाही.

इथवर ऐकलं तर पंडित नशीबवान वाटतात. पण ते मध्य प्रदेशात गेले आणि वकिलाची पंचाईत झाली. १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर अंतिम सामन्यात त्यांच्या संघानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं, तेही वेंकटेश अय्यर आणि आवेश खान नसताना. एकदा योगायोग म्हणता येईल. तीन राज्यांत सहा करंडक हा योगायोग नव्हे.

मग आयपीएलमधले कोलकाता नाइट रायडर्स. २०२३ मध्ये सातवे, २०२४ मध्ये विजेते, २०२५ मध्ये आठवे. मुख्य प्रशिक्षक तिन्ही वर्षं पंडितच. जिंकले त्या वर्षी श्रेय मात्र मार्गदर्शक गौतम गंभीरच्या वाट्याला गेलं आणि तो भारताचा प्रशिक्षक झाला. पंडितांच्या लष्करी शिस्तीची परदेशी खेळाडूनं केलेली तक्रार तेवढी गाजली. मला यात आश्चर्य वाटत नाही. पहाटे उठवून सराव करून घेणारा मास्तर होतकरू पोराला लागतो. जगभर लीग खेळून दोन महिन्यांसाठी आलेल्याला तो जाच वाटतो. क्लफचं लीड्स तेच होतं.

माझा कौल असा: विदर्भाचं शेत पंडितांनी नांगरलं नाही, पेरलंही नाही. कापणीच्या वेळी कच न खाणं शिकवलं. तो वाटा लहान नाही, पण तेवढाच आहे. पुरावा मार्च २०२४ चा. जामठ्यात उपांत्य सामना, समोर मध्य प्रदेश, त्यांचे प्रशिक्षक पंडित. विदर्भ पहिल्या डावात ८२ नं मागे पडला, मग यश राठोडच्या १४१ धावांवर ४०२ केल्या आणि ६२ धावांनी जिंकला. कोलकात्याचाच धडा, गुरुजींवर उलटलेला.

त्यानंतरच्या हंगामात विदर्भ तिसऱ्यांदा अजिंक्य झाला. हर्ष दुबेनं ६९ बळींचा, एका रणजी हंगामातला विक्रम केला, दानिश मालेवारनं अंतिम सामन्यात १५३ काढल्या. समोरच्या केरळकडून खेळत होता तोच आदित्य सरवटे. आणि विदर्भाकडून ध्रुव शोरी, ज्यानं इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीसाठी आपल्याविरुद्ध १४५ केल्या होत्या. खेळाडू बदलले, कर्णधार बदलला, प्रशिक्षकही. हे नवे प्रशिक्षक विदर्भाचेच जुने खेळाडू. त्यांचं नाव उद्या तर्री-पोह्याच्या गाडीवर विचारून पाहा. गार्डिओलाचा पगार सांगणाऱ्यांतल्या किती जणांना उस्मान गनी आठवतात, ते मलाही कळवा.