संगणकाचे अलंकारशास्त्र

उपमा आधी जन्मली, तिचे नाव मागाहून आले. कुणीतरी मुख चंद्रासारखे म्हटले, दुसऱ्याने ते उचलले. शास्त्रकार पुष्कळ उशिरा आला आणि त्याने त्या प्रकाराला नाव दिले. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दुनियेतही नेमके हेच घडले आहे.

गंमत अशी की, या शास्त्राचा आद्य पुरुष प्रोग्रॅम लिहिणारा नव्हेच. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा कॅलिफोर्नियात बर्कली येथे शिकवणारा वास्तुशास्त्रज्ञ. १९७७ साली त्याने सहकाऱ्यांसह घरा-गावांच्या रचनेतले २५३ 'पॅटर्न' ग्रंथरूपाने मांडले. पुन्हापुन्हा येणारी अडचण, तिच्यावरचा तोडगा आणि त्याला एक नाव. उदाहरणार्थ, सहा फुटांहून कमी खोलीची गॅलरी माणसे सहसा वापरीत नाहीत. (आपल्याकडे तिथे कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे सुखाने नांदतात, ते सोडा!)

आता प्रोग्रॅमकडे वळू. माहिती आणि तिच्यावर करायचे काम यांचे एकेक गाठोडे बांधतात. त्याला म्हणायचे ऑब्जेक्ट. ही गाठोडी एकमेकांत गुंतली की एकाला हात लावताच दहा बिघडतात. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी अशा गुंत्यांवरचे २३ तोडगे नावानिशी प्रसिद्ध केले.

त्यांतला 'ऑब्झर्व्हर' आपल्या साप्ताहिकासारखाच आहे. वर्गणीदार डॉक्टर आहे की वाणी, याच्याशी कचेरीला कर्तव्य नसते. यादीत नाव असले की झाले. अंक निघाला की सर्वांना जातो. तसेच एका ऑब्जेक्टमध्ये बदल झाला की यादीतल्या सर्वांना वर्दी मिळते. तोटाही तोच! वर्गणीदार गाव सोडून गेला आणि नाव कमी करायचे राहिले, तर बंद दाराशी अंकांचा ढीग साचतो. प्रोग्रॅममध्ये असाच ढीग संगणकाच्या स्मृतीत साचतो.

पण अलंकार मिळाले की माणसाला ते अंगभर घालण्याचा मोह होतो. जिथे चार ओळी पुरत्या, तिथे तीन पॅटर्न येऊन बसले. १९९६ साली पीटर नॉर्विगने दाखवून दिले की, लिस्प किंवा डिलनसारख्या लवचिक भाषांत २३ पैकी १६ पॅटर्न सोपे तरी होतात किंवा दिसेनासे तरी होतात. भाषेच्या माणसाला याचे नवल वाटू नये. दुसऱ्याकडून काम घेण्याचा अर्थ आणायला इंग्रजीला वेगळे क्रियापद जोडावे लागते. मराठी 'करवणे' म्हणून एका प्रत्ययात मोकळी होते.

त्याच वर्षी सॅन होजे येथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या परिषदेत खुद्द अलेक्झांडरला बोलावले होते. तिथे त्याने यजमानांनाच अडचणीत टाकले. माझे पॅटर्न माणसाचे जगणे अधिक चांगले व्हावे म्हणून होते. तुमच्या पॅटर्ननी तुमचे प्रोग्रॅम खरोखर सुधारतात का, असा त्याच्या विचारण्याचा रोख होता.

अलेक्झांडर २०२२ साली वारला. त्या २३ पॅटर्नची नावे मात्र नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुले अजून घोकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आमचे विद्यार्थी अलंकार घोकतात, तशीच.