खिडकी कोणती बसवावी?

दिंडोशीला आमच्या इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा सोसायटीच्या सभेत सर्वांत जास्त वेळ गेला तो खिडक्यांवर. लाकडी चौकटी पावसाने फुगल्या होत्या, बिजागऱ्या गंजल्या होत्या, काही झडपा तर दोरीने बांधून ठेवलेल्या. कंत्राटदाराने सर्वांना एकसारख्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सुचवल्या. दिसायला नीटनेटक्या, जागा अडवत नाहीत, रंग नको, वाळवीची भीती नको. ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला.

पुढच्या मे महिन्यात आई रात्री दोन-तीनदा उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागली. तिला दम्याचा जुना त्रास आहे. "खोलीत हवाच नाही गं," ती म्हणायची. खोली तीच, भिंतीतील भोकाचे माप तेच, दिशाही तीच. मग हवा गेली कुठे? भौतिकशास्त्रावर पोट भरणाऱ्या माणसाने हा प्रश्न सभेत हात वर करण्याआधी विचारायला हवा होता. उशिरा का होईना, मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तो हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा आहे, म्हणून येथे मांडते.

भोक किती, उघडे किती?

आमची खिडकी १.२ मीटर रुंद आणि तितकीच उंच, म्हणजे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर. जुन्या खिडकीच्या दोन्ही झडपा बाहेर उघडत. चौकट वगळली तरी सुमारे १.३ चौरस मीटर जागा वाऱ्याला मोकळी मिळे. सरकत्या खिडकीत एक तावदान दुसऱ्याच्या मागे जाते. म्हणजे कितीही उघडली तरी अर्धी खिडकी काचेने झाकलेलीच राहते. उरले ०.७२ चौरस मीटर.

त्या अर्ध्या भागावर डासांची जाळी आली. समजा, जाळीच्या तारा दीड मिलिमीटर अंतरावर आहेत आणि तारेची जाडी पाव मिलिमीटर आहे. मग प्रत्येक घरात १.५ पैकी १.२५ मिलिमीटर मोकळे. लांबी आणि रुंदी दोन्हींचा विचार केला, तर या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. तो येतो सुमारे ०.६९. आता ०.७२ गुणिले ०.६९ म्हणजे ०.५. जुन्या खिडकीच्या चाळीस टक्केही नाही! शिवाय बारीक तारांना घासून जाताना वाऱ्याचा वेग मंदावतो, तो तोटा वेगळाच. जाळीत धूळ बसली की आणखी.

राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावे. उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश पुरे. पण हे माप चौकटीसह भोकाचे आहे. त्यातील किती भाग प्रत्यक्ष उघडतो, हे खिडकीच्या प्रकारावर अवलंबून राहते. नियम पाळूनही खोली कोंदट राहू शकते, ती अशी.

आत यायला वाट, बाहेर जायलाही वाट

वारा खोलीत शिरायचा तर आतल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. समोरासमोरच्या दोन वाटा एकामागून एक जोडलेल्या नळ्यांसारख्या असतात. त्यांचे मिळून परिणामी क्षेत्रफळ काढायचे असेल, तर प्रत्येक क्षेत्रफळाच्या वर्गाचा व्यस्त घ्यावा, दोन्हींची बेरीज करावी, त्या बेरजेचे वर्गमूळ काढावे आणि पुन्हा व्यस्त घ्यावा. एकसरीत आणि समांतर जोडलेल्या रोधांचा धडा शिकलेल्या मुलांना यात गंमत वाटेल.

दोन्ही वाटा ०.६ चौरस मीटरच्या असतील, तर उत्तर येते ०.४२. त्यांतील एकच दुप्पट, म्हणजे १.२ केली, तर ०.५४, लाभ जेमतेम पाव हिश्श्याचा. दोन्ही दुप्पट केल्या, तर ०.८५. सारांश, अरुंद वाटच हुकूम चालवते. दिवाणखान्याला भलीमोठी खिडकी बसवून स्वयंपाकघराची बंद ठेवणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

वारा पडलेल्या रात्री काय? तेव्हा गरम हवा हलकी असते, हाच काय तो आधार. वरची आणि खालची वाट यांत एक मीटर अंतर असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी गरम असेल, तर सैद्धान्तिक वेग सेकंदाला सुमारे ०.४४ मीटर येतो. घर्षणामुळे तो बराच कमी होतो, पण हवा हलत राहते. आमच्या जुन्या खिडकीवर एक लहानसा झरोका होता. नव्या रचनेत तिथे पक्की काच आली. आईच्या झोपेचा खरा चोर तिथे सापडला.

एक दिशा, तीन पाहुणे

दिंडोशीच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पश्चिमेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे समुद्र. दुपारनंतरचा वारा समुद्राकडून येतो. पावसाळी झोडही पश्चिम-नैर्ऋत्येकडून. आणि उतरते ऊनही पश्चिमेचेच. ज्या खिडकीने वाऱ्याला बोलवायचे, तिनेच ऊन आणि पाऊस यांना अडवायचे, ही खरी अडचण आहे.

आधी ऊन घेऊ. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश. २१ मार्चला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ७१ अंश उंच असतो. दक्षिणेकडील खिडकीवर ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर त्याची सावली १३० सेंटिमीटर खाली पोचते. म्हणजे आमची अख्खी खिडकी सावलीत. त्याच दिवशी पावणेपाचच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीवर तोच छज्जा फक्त २५ सेंटिमीटर सावली देतो. बाकी ऊन थेट पलंगावर. म्हणून दक्षिणेला छज्जा पुरतो. पश्चिमेला उभा आडोसा, बाहेरून सोडलेली चीक, बाहेर उघडणारी झडप किंवा झाड हवे. आतल्या पडद्याने फारसे साधत नाही. ऊन काचेतून आत येऊन पडदा तापवते, आणि तापलेल्या पडद्याची अवरक्त उष्णता काचेतून सहज बाहेर पडू शकत नाही.

आता पाऊस. सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायला वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणावे. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या झोतात हा दाब १३५ पास्कल होतो. एवढा दाब पाण्याचा सुमारे १४ मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचते. रुळाची आतली कड १४ मिलिमीटरपेक्षा ठेंगणी असेल, तर ते पाणी खोलीत ढकलले जाणारच. वेग २० मीटर झाला, तर २४ मिलिमीटरची कड लागेल. वरच्या मजल्यांवर वारा जास्त, म्हणून तक्रारीही जास्त. रुळाला निचऱ्याची भोके असतात, पण ती धुळीने बुजतात. पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करणे हे बिनपैशाचे काम आहे. बाहेर उघडणारी झडप बंद असताना वारा तिला चौकटीवर आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे पाणी आणि महामार्गाचा आवाज दोन्ही कमी येतात. मात्र तिला भक्कम आकडी हवी, नाहीतर वादळात ती आपटून फुटते.

काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी बरीचशी उघडते आणि पट्ट्या तिरक्या ठेवल्या, तर रिमझिम पावसातही वारा देते. पण ती कधीच घट्ट मिटत नाही. न्हाणीघर आणि जिन्याला ती उत्तम. जिथे बाहेर झडप उघडायला जागाच नाही, अशा गॅलरीला सरकती खिडकी योग्य. निजायच्या खोलीला बिजागरीची खिडकी आणि वर झरोका. आणि गजांची जाळी कोणत्याही प्रकारची असो, तिचा एक भाग आतून उघडणारा असावा. आगीत तोच रस्ता.

खिडकीसमोर काय आहे?

समोर भिंत असेल, तर उत्तम खिडकीही लंगडी पडते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. चाळींच्या खोल्यांत उजेड-वारा पोचावा म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम वापरला. या कोनाचे स्पर्शगुणोत्तर २ येते. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी असावी. तीन मीटर अंतरावर दहा मजले उभे करणाऱ्यांना हा नियम आज स्वप्नच वाटेल. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींवरील डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. इमारती दाटीने उभ्या आहेत तिथे क्षयरोग अधिक, मोकळी जागा आहे तिथे कमी, असे त्यात दिसले. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत मोजमापे घेऊन २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले, की उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्या उघड्या ठेवल्या, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांपेक्षाही हवा अधिक वेळा बदलते. खिडकी ही आरोग्याची बाब आहे, ती अशी.

आम्ही काय केले? आईच्या खोलीतील वरची पक्की काच काढून तिथे झडप बसवली. पुढच्या वर्षी सरकती खिडकी बदलून ॲल्युमिनियमचीच, पण बिजागरीची घेतली. दोनदा खर्च झाला, याला जबाबदार माझा वर केलेला हात. दमा बरा झालेला नाही, ते खिडकीचे काम नव्हे. पण आई आता बहुतेक रात्री आपल्या पलंगावरच झोपते.

वर्गात हे करून पाहता येईल. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन खिडक्या कापा आणि वरच्या बाजूला पारदर्शक कागद लावा. एका खिडकीशी उदबत्ती धरून लांबून पंखा लावा. दुसरी खिडकी बंद, अर्धी आणि पूर्ण उघडी ठेवून धुराची वाट पाहा. मग मुलांना वर्गाची जमीन आणि खिडक्या मोजायला सांगा. भोकाचे माप वेगळे, उघडणाऱ्या भागाचे वेगळे. एक षष्ठांश भरतो का? भरत नसेल, तर कपाटामागे झाकलेली एखादी खिडकी सापडेलच. ती आधी मोकळी करावी.