समुद्राची वाढ आणि वृत्तपत्रांची भाषा



२०१९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस एक नकाशा जगभर प्रसिद्ध झाला. त्यांत मुंबईचा बराचसा भाग पाण्याच्या रंगानें रंगविलेला होता, आणि साल होतें २०५०. लगेच ‘मुंबई बुडणार’ असा बोभाटा झाला. कांहीं भ्याले, कांहीं हंसले, आणि थोड्याच दिवसांत दोघेही विसरले. बातमीला आधार होता. पण ती लोकांच्या मनाला पटली नाहीं. असें कां व्हावें?

मूळ संशोधन स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांचें. २००० सालीं अवकाशयानांतून रडारच्या साह्यानें भूमीची उंची मोजण्यांत आली होती. दाट वस्तींत त्या रडारला जमिनीऐवजीं घरांचीं छपरें आणि झाडांचे शेंडे दिसत. त्यामुळें किनारे होते त्याहून उंच वाटले. ही चूक दुरुस्त करतांच नकाशा बदलला. म्हणजे समुद्र एकाएकीं चढला नव्हता. आपली जमीन ठेंगणी निघाली होती. शिवाय त्या गणितांत किनाऱ्यावरील बांध व भिंती धरलेल्या नव्हत्या. ‘भरतीच्या पातळीखालीं’ आणि ‘समुद्राच्या तळाशीं’ यांत पुष्कळ अंतर आहे. तें अंतर मथळ्यांनीं पुसून टाकलें.

मग समुद्र वाढतो हें खोटें काय? मुळींच नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत जगाच्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक वीत, वाढली. पहिल्या सत्तर वर्षांत ही वाढ वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ मध्यें ती ३.७ मिलिमीटर झाली. तापलेलें पाणी फुगतें, हें एक कारण. पर्वतांवरील हिमनद्या आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांच्या भूमीवरील बर्फ वितळून समुद्रांत येतें, हें दुसरें. तरंगतें बर्फ वितळल्यानें पातळी फारशी चढत नाहीं; पेल्यांत बर्फाचा खडा टाकून हें घरींच पाहावें.

मुंबईची मोठी भरती साडेचार मीटरांच्या वर जाते. तेथें एका वितीची काय मातबरी, असें कोणी म्हणेल. पण पावसाचें पाणी वाहून नेणारे नाले समुद्रांतच उघडतात, आणि भरती चढली कीं त्यांचीं तोंडें अडतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यांतच भरती आली, आणि शहर तुंबलें. समुद्र वीतभर चढला म्हणजे नाला तितका अगोदर अडतो आणि तितका उशिरां मोकळा होतो. दाराशीं आलेलें पाणी उंबऱ्याच्या आंत येणें न येणें अशा वितीवर अवलंबून असतें.

हें वार्ताहरानें सांगावें. कोणतें साल, कोणती पातळी, बांध धरून कीं न धरतां, हें बातमींतच स्पष्ट असावें. नाले, पंप आणि खारफुटीचें रान यांची निगा कोण राखतो, हेंही विचारावें. ‘नापास होशील’ असें ओरडून मुलगा सुधारत नाहीं; कोणतें उदाहरण कोठें चुकलें तें दाखवावें लागतें, असा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे.

मुंबईंत अपोलो बंदरावरील समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पावसाळ्यांत भरतीची वेळ आणि उंची वृत्तपत्रांत छापून येते. ती ओळ आपण वाचावी, मुलांना वाचावयास लावावी, आणि तिचा अर्थ आपल्या वृत्तपत्राला विचारावा.