पदवी हाती, चिनी भाषा ओठी

मुलगा परदेशी नोकरीला जाणे रत्नागिरीकरांना नवे नाही. आखातात, बोटीवर आपली मुले गेलीच आहेत. आता एखादा पदवीधर म्हणेल, “चीनमध्ये जाऊन भाषा शिकतो आणि कामाचा अनुभवही घेतो.” त्याने व त्याच्या पालकांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

सोलापूरचे कोटणीस मुंबईत डॉक्टर झाले आणि १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानने तेव्हा चीनवर आक्रमण केले होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ते चिनी भाषा शिकले आणि पुढे त्याच भाषेत वैद्यकीचे वर्ग घेऊ लागले. १९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. अंगी विद्या होती म्हणून त्यांना काम मिळाले आणि भाषा आली म्हणून ती विद्या लोकांपर्यंत पोचली.

तरुणांनो, आधी आपल्या विषयात पक्के व्हा. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ एका सुरात आई, तर दुसऱ्या सुरात घोडा! म्हणून भाषेचा पाया इथेच घाला, एचएसके परीक्षा द्या.

आणि पालकांनो, ‘शिका व कमवा’ म्हणणाऱ्या दलालासाठी दागिने मोडू नका. चीनमध्ये विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करायचे तर विद्यापीठाची व तेथील सरकारी खात्याची परवानगी लागते. त्याविना केलेले काम बेकायदा ठरते. आधी कागद पाहा, मगच तिकीट काढा.