कुत्र्यांमधील स्नायुदाह
कुत्र्यांमधील स्नायुदाह हा एकच आजार नसून ऐच्छिक स्नायूंना सूज आणणाऱ्या आजारांचा गट आहे. त्यांपैकी काही टॉक्सोप्लाझ्मा, निओस्पोरा अशा परजीवींमुळे होतात. इतर अनेकांत शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर हल्ला करते.

या दुसऱ्या प्रकारातील परिचित आजार म्हणजे चर्वणस्नायुदाह. जबडा मिटणाऱ्या स्नायूंत '२एम' नावाचे तंतू असतात. पायांच्या स्नायूंत ते नसतात. प्रतिपिंडे नेमक्या याच तंतूंतील प्रथिनांना लक्ष्य करतात. त्यामुळे कुत्रा नीट चालतो, मात्र त्याला तोंड उघडता येत नाही. प्रारंभी कानशिलाजवळचे स्नायू सुजतात व दुखतात. पुढे ते झिजून कवटीची हाडे वर दिसू लागतात. स्नायूंची जागा तंतुमय ऊतीने घेतली, तर जबडा कायमचा आखडतो.

भारतात अशा कुत्र्याला पाहून प्रथम रेबीजची शंका येते, आणि ती रास्तच आहे. पक्षाघाती रेबीजमध्ये बहुधा खालचा जबडा लोंबतो व लाळ गळते, तर चर्वणस्नायुदाहात जबडा मिटलेला राहतो. धनुर्वातातही जबडा बसतो, परंतु त्यात सहसा अन्य स्नायूही ताठरतात. हा भेद घरी ठरवण्याजोगा नाही. कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. जबडा जोर लावून उघडल्यास हाड मोडण्याचा किंवा सांधा निखळण्याचा धोका असतो.

रक्तातील २एम-विरोधी प्रतिपिंडांच्या चाचणीने निदान होते. स्टेरॉईड सुरू झाल्यानंतर किंवा आजार जुना झाल्यावर ही चाचणी नकारार्थी येऊ शकते. म्हणून रक्ताचा नमुना उपचारांपूर्वी घेणे इष्ट. स्नायूचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत तंतूंची किती हानी झाली, हेही कळते. उपचार मुख्यतः प्रेडनिसोलोनचा असतो. मात्रा अनेक महिन्यांत हळूहळू कमी करावी लागते. घाईने औषध थांबवल्यास आजार उलटतो. तोवर पातळ किंवा मऊ अन्न द्यावे लागते.

बहुस्नायुदाहात अनेक स्नायू दुर्बल होतात. अन्ननलिका बाधित झाल्यास अन्न उलटून श्वासमार्गात जाते व न्यूमोनिया होतो. कॉली व शेटलंड शीपडॉग जातींत त्वचा-स्नायुदाह आनुवंशिक असतो.

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातील पशुपालकांसाठी १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय हे विदर्भातील प्रमुख पशुवैद्यकीय केंद्र आहे. तिथवरचा प्रवास लांबचा असला, तरी सुजेच्या अवस्थेतच उपचार सुरू झाल्यास जबड्याची हालचाल बव्हंशी परत येते.