साक्षगंधाच्या आधी, की नंतर?

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी नावाजलेलं गाव. तुळशीचं लग्न लागलं की या भागात सोयरिकींच्या बैठका सुरू होतात. शेती किती, नोकरी पक्की की कंत्राटी, सगळं विचारून होतं. 'सिकलसेल तपासलं का?' हा प्रश्न मात्र मी बैठकीत क्वचितच ऐकला. निघालाच तर मुलीबद्दल, आणि तोही साक्षगंध उरकल्यावर, दबक्या आवाजात.

आजार इकडे नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा येतात. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के. प्रत्येक खेपेला, बरं का! 'एक झालं, आता पुढची तीन चांगली' हा हिशेब खरा नव्हे.

मग तपासायचं कधी? आजारी बाळाचं निदान जितकं लवकर तितकं बरं. पेनिसिलीन आणि लसी त्याचा जीव वाचवतात. तिथे वाद नाही. (साधी सोल्युबिलिटी चाचणी मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फसवी ठरते.) वाहकपणाचं तसं नाही. शाळकरी पोरीला ते कळून औषधाचा फायदा काही नाही, गावाला मात्र आयतं बोट दाखवायला मिळतं. माझ्या मते खरी वेळ कॉलेजच्या वयाची, स्थळं पाहण्याआधीची. आणि अहवाल त्या मुलाच्या किंवा मुलीच्याच हाती द्यावा, मामाच्या नव्हे.

दिवस गेल्यावर तपासायचं तर घड्याळ फार जोरात पळतं. वारेचा नमुना साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात, गर्भजल पंधराव्यानंतर. १९७१च्या कायद्यात गर्भपाताला वीस आठवड्यांची मर्यादा होती. २०२१च्या दुरुस्तीने ती काही स्त्रियांसाठी चोवीस झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर सोडली. पण नवऱ्याचं रक्त तपासायला, नमुना शहरात पोचायलाच आठवडे जातात. उरलेल्या चार दिवसांत, सासूच्या नजरेसमोर, त्या बाईने काय ठरवायचं? हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांमुळे हे रुग्ण आज शिकतात, संसार करतात, हे तिला कोणी सांगितलेलं तरी असतं का?

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि कार्डवाटप ठरलं. कार्ड चांगलंच. पण माझ्या ओळखीच्या एका घरी मुलीचं 'वाहक' कार्ड पाहून साक्षगंध मोडलं. मुलाचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. त्यात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा दोष नसता, तर त्या दोघांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता.